चांगल्या मालाला चिठ्ठी नसते

धाकटी आली ती रिकामी पिशवी घेऊन. थोरली बहीण गेल्यापासून चार महिन्यांत ती आठ-दहा वेळा आली होती आणि दर वेळी तिच्या हातात डबा असायचा. आज डबा नाही, पिशवी, तीही घडी घालून काखेत धरलेली. ही आज काहीतरी न्यायला आली आहे, हे तपासनिसाने दारातच ओळखलं.

धाकटी म्हणजे त्याच्या बायकोची पाठची बहीण. वय साठ, एक गुडघा बदललेला, घरात दोन नातवंडं, तरी माहेरचं नाव काही सुटलं नव्हतं. थोरली गेली, आता धाकटी तरी कोणाच्या हिशेबाने, असं तिनेच एकदा डोळे पुसत विचारलं होतं.

तपासनीस हेही काही नाव नव्हे. पाण्याचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात त्याने चौतीस वर्षं शेवटच्या टेबलावर काढली. सगळ्यांचे हात फिरून झाले की माल त्याच्यासमोर यायचा. तो उचलायचा, मापायचा, उजेडाकडे धरून बघायचा. खोट सापडली की लाल चिठ्ठी बांधायची आणि खोट काय आहे ते तिच्यावर लिहायचं. नाही सापडली तर व्हॉल्व्ह पुढे ढकलायचा, संपलं. चांगल्या मालाला चिठ्ठी नसते, असा तिथला नियम होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी इमारतीत आणि नातेवाइकांत तो तपासनीसच राहिला, कारण सवयही तीच राहिली. कुणी नवं घर दाखवायला बोलावलं तर चहा यायच्या आत हा सांगून मोकळा व्हायचा की बाथरूमचं दार खाली घासतंय.

धाकटी बसली. पिशवी तिने मांडीवर ठेवली.

"भाऊजी, ताईचा शेकर न्यायला आलेय."

"कोणी सांगितलं?"

"तिनेच. दवाखान्यात. म्हणाली, शेकर तू ने, ह्यांना त्याचं काही नाही."

"मला नाही बोलली."

"तुम्हाला बोलून काय मिळणार होतं तिला? त्यातही चूक काढली असती."

तपासनिसाने आत बघितलं. शेकर स्वयंपाकघराच्या फळीवर होता, दोघांनाही बसल्या जागेवरून दिसत होता. दारू हलवून मिसळायचा, जाड पत्र्याचा, तीन भागांचा: खाली पेला, मधे गाळणीचं झाकण, वर टोपी. बायको हॉटेलात बारच्या मागच्या खोलीत कामाला होती. लिंबं कापायची, साखरेचा पाक करायची, ग्लास पुसून उजेडाला धरायची. वीस वर्षं तिने बारवाल्याकडे नुसतं बघून घेतलं. म्हातारा बारवाला काम सोडून गेला त्या दिवशी त्याने आपला शेकर तिच्या हातात दिला. त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला ती दोन ग्लास व्हिस्की सावर करायची, एक ह्याला, एक स्वतःला. व्हिस्की, लिंबू, पाक, अंड्याचं पांढरं, वर बिटर्स नावाच्या कडू अर्काचे दोन थेंब. दुसरं काही करायला गेली नाही. म्हणायची, एक नीट जमू दे, मग पुढचं बघू.

तिचे कपडे मुलीने वाटून टाकले. खाट हलवली. चष्मा कुठे गेला ते कळलंच नाही. राहिला होता तो हा शेकर. ती तो दोन्ही हातांनी धरून उजव्या खांद्यावर नेऊन हलवायची, आणि हलवताना जीभ किंचित दातांत धरायची. हे सगळं त्याच्याकडून बाहेर येणं शक्य नव्हतं. म्हणून तो म्हणाला,

"घरातली वस्तू घरात राहील."

"करायचंय काय तुम्हाला त्याचं? फुलं ठेवणार?"

"वापरीन."

धाकटी हसली. "तुम्ही? भाऊजी, पाण्याला उकळी फुटली हे शिट्टी वाजल्याशिवाय कळत नाही तुम्हाला. आयुष्यभर दुसऱ्याच्या हातचं घेतलंत आणि नाक मुरडलंत."

"नाक मुरडलं नाही. खोट असली तर सांगितली."

"तेच ते." ती पिशवीची घडी उलगडायला लागली, मग थांबली. तिला त्याचा चेहरा बघून दया आली की राग आला, कोण जाणे. "बरं, असं करू. पुढच्या शनिवारी साडेसहाला येते. ताईच्या हातचा व्हायचा तसा एक ग्लास मला करून द्या. तसा झाला तर शेकर तुमचा, मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही झाला तर निमूट पिशवीत घालायचा."

"ठरवणार कोण?"

"मी. दर वाढदिवसाला ती शेकर घेऊन माझ्याकडे यायची, मला चव माहितेय. आणि शेकर हवाय म्हणून मी खोटं बोलणार नाही, हे तुम्हाला माहितेय."

ते त्याला माहीत होतं. धाकटीने उभ्या जन्मात कोणाची भीड ठेवली नव्हती.

"शब्द?"

"शब्द."

ती गेल्यावर त्याने स्वयंपाकघरातला खण उघडला. तिथे एक जाड रजिस्टर असायचं, हे त्याला ठाऊक होतं. ती शनिवारी ग्लास विसळून झाले की उभ्या उभ्या त्यात काहीतरी लिहायची. सामानाची यादी असेल, असं तो नऊ वर्षं धरून चालला होता.

यादी नव्हती. दर शनिवारची तारीख, तिच्यापुढे मापं, आणि त्याखाली तो काय बोलला ते. 'गोड झालं म्हणाले.' 'बर्फाचं पाणी लागतंय म्हणाले.' 'फेस लगेच बसला म्हणाले.' 'लिंबाची बी आली म्हणाले.' त्याखाली पुढच्या वेळी काय बदलायचं ते. पाक कमी. बर्फ मोठा. दोनदा गाळणे. अक्षर बारीक, सरळ, कुठे खाडाखोड नाही. पानामागून पानं.

खरं सांगायचं तर पहिली दहा-वीस पानं वाचताना त्याला बरंच वाटलं. एकेक शेरा वाचून तो मान हलवत होता. बरोबर आहे, त्या दिवशी फेस बसलाच होता. बी आलीच होती. कोणी आपल्या जुन्या चिठ्ठ्या इतक्या नीट लावून ठेवल्या असतील, असं त्याला वाटलं नव्हतं. कारखान्यात तर त्या महिन्याभराने जाळायचे.

मग त्याने शेवटचं पान काढलं. साधा विचार: नऊ वर्षं सुधारत आणलेली कृती, म्हणजे शेवटची सगळ्यात चांगली. शेवटच्या तारखेखाली एकच शब्द होता. 'गप्प.' पुढे बदल काही लिहिलेला नव्हता. त्यानंतरच्या सोमवारी तिला दवाखान्यात नेलं होतं.

पानावर जे होतं ते त्याने केलं. लिंबू पिळलं, पाक केला. पाक गरमच ओतला, त्यात फ्रिजमधल्या ट्रेचे बर्फाचे खडे टाकले आणि शेकर हलवला. मग टोपी निघेना. थंडीने पत्रा आवळला होता. चौतीस वर्षं धातू हाताळलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. कोमट पाण्याखाली धरून टोपी काढली, ग्लासात ओतलं, चव घेतली. पातळ, मिळमिळीत, वर फेसाचा पत्ता नाही. आणि ही चव ओळखीची होती. शेवटच्या शनिवारी ती हीच होती. त्या दिवशी तिच्या हातांत जोर नव्हता. दहा-पंधरा वेळा हलवून तिने शेकर ओट्यावर टेकवला होता आणि दम खात उभी राहिली होती. तिचे हात बघून तो काही बोलला नव्हता, ग्लास संपवला होता. उभ्या आयुष्यात त्याने एकच नापास माल पुढे सोडला, तो हा.

ग्लास त्याने मोरीत ओतला.

सोमवारपासून तो एकेक पान मागे जायला लागला. एकट्याच्या जिभेवर भरवसा नको म्हणून खालच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरला बोलावलं. ड्रायव्हर बस चालवून निवृत्त झालेला, देवमाणूस, आणि फुकटच्या ग्लासाला नाही म्हणणारा नव्हता.

"कसं आहे?"

"एक नंबर."

पुढचं पान. "हे?"

"हे पण एक नंबर."

"दोन्ही सारखी आहेत का?"

"छे, सारखी कशी? ते वेगळं एक नंबर, हे वेगळं."

"अरे, ह्याच्यात लिंबू जास्त झालंय."

"झालंय ना. म्हणून तर मजा येतेय."

तपासनिसाने कपाळाला हात लावला. "तुला वाईट काय लागतं ते एकदा सांग म्हणजे मी सुटलो."

"बायको गेल्यापासून साहेब, कोणी पुढ्यात काही ठेवलं की तेच चांगलं लागतं," ड्रायव्हर म्हणाला आणि ग्लास चाटूनपुसून संपवला. मग जाता जाता दारात वळून म्हणाला, "पण एक आहे. वहिनी करायच्या तेव्हा ठोकायच्या. तुम्ही ठोकत नाही."

"काय ठोकायच्या?"

"ते मला काय माहीत. पण दर शनिवारी सहाच्या सुमारास आमच्या छतावर ठकठक. आमची ही म्हणायची, लागल्या वरच्या बाई कामाला."

तपासनीस उभाच राहिला. ठकठक त्यालाही ऐकू यायची, पण शेजारच्या घरात काहीतरी दुरुस्तीचं चाललंय अशी त्याची समजूत होती. नऊ वर्षं शेजारच्या घरात दर शनिवारी दुरुस्ती. त्याने फ्रीजरचा वरचा कप्पा उघडला. मागे एक चौकोनी डबा होता, त्यात बर्फाची अख्खी लादी. लादीच्या डब्याखाली फडक्यात गुंडाळलेला लाकडी दांडका. ती लादी फडक्यात घेऊन फोडायची. मोठे, कोरडे तुकडे. म्हणून पाणी सुटायचं नाही. हे तिने रजिस्टरात कुठेच लिहिलं नव्हतं, कारण जे तिला हाताने येत होतं ते तिने लिहिलंच नव्हतं. लिहिली होती ती मापं, आणि ह्याचे शेरे.

त्या लादीला त्याने हात लावला नाही. ती चार महिन्यांपूर्वीची, तिने लावलेली होती. वेगळा डबा घेऊन त्यात पाणी भरलं.

बर्फ सुधारला, पाक थंड करून घ्यायला लागला, अंड्याचं पांढरं आधी बर्फाशिवाय हलवून मग बर्फ घालायचा हेही जमलं. फेस धरायला लागला. पण चव येईना. एका पानावर आंबट, तिच्या दुरुस्तीने पुढच्या पानावर गोड, तिच्याच दुसऱ्या दुरुस्तीने त्यापुढे कडवट. पोराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा तो रजिस्टरावरून बोट फिरवत बसायचा आणि त्याला कळेना की ही बाई एवढी हुशार, मग नऊ वर्षं एका जागी ठरली का नाही.

गुरुवारी त्याला निवृत्तीचा दिवस आठवला. तो शनिवार होता. कारखान्यातून घड्याळ आणि नारळ घेऊन तो घरी आला होता. येऊन खुर्चीत बसला, तिने ग्लास दिला. पहिल्या घोटाला त्याच्या मनात आलं होतं की ह्यात आता हात घालायला जागा नाही. आंबट, गोड, कडू, सगळं जागच्या जागी. पन्नास हजार व्हॉल्व्ह तपासले तर एखादा असा हाताला लागतो, की माणूस तो जरा जास्त वेळ हातात ठेवतो आणि मग पुढे ढकलतो. तो ग्लास त्याने पाऊण तास पुरवला होता. एक शब्द बोलला नव्हता.

तारीख त्याला पाठ होती. पान काढलं. साठ मिली व्हिस्की, बावीस मिली लिंबाचा रस, अठरा मिली दाट पाक, दोन थेंब. खाली लिहिलं होतं, 'गप्प.' आणि त्याखाली, 'लिंबू कमी करून बघणे.'

पुढच्या शनिवारी लिंबू कमी होतं. त्याखाली, 'गुळचट झालं म्हणाले.'

त्याने पान पुन्हा वाचलं. मग आणखी एक शनिवार आठवला, मुलीला नोकरी लागली तो. तिथेही 'गप्प.' आणि खाली, 'पाक वाढवणे.' मग तो आठवायचं सोडून पहिल्या पानापासून सगळेच 'गप्प' शोधायला लागला. पेन्सिलीने खूण करत गेला. शेवटचा, दवाखान्याआधीचा सोडला तर एकतीस निघाले. एकतीस वेळा तो काही बोलला नव्हता, आणि एकतीस वेळा तिने पुढच्या शनिवारी काहीतरी बदललं होतं. मापं बघितली. साठ, बावीस, अठरा. साठ, बावीस, अठरा. एखाद्या ठिकाणी एकवीस, एखाद्या ठिकाणी एकोणीस. आपल्या आपण चाचपडत ती फिरून फिरून त्याच जागेवर यायची, आणि ह्याने तोंड उघडलं नाही की ती जागा सोडून निघून जायची.

का, ते अगदी सुरुवातीला, पुठ्ठ्याला लागून असलेल्या पानावर होतं. इतके दिवस त्याने ते पान मापं नाहीत म्हणून उलटलं होतं. 'बारवाले काका सांगून गेले: गिऱ्हाईक काय म्हणतं ते त्याच दिवशी लिहून ठेव. तक्रार करतं ते गिऱ्हाईक आपलं असतं. गप्प बसून पितं आणि उठून जातं, ते परत येत नाही. तिथे आपलं चुकलं असं समज.'

तपासनीस ओट्याशी उभा होता. तो खाली बसला, ओट्याला पाठ लावून, फरशीवर. त्याला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कोणावर काढायचा ते कळेना. बारवाला केव्हाच वारला होता, त्याच्यावर काढून काय उपयोग. बायकोवर काढावा तर, एकदा विचारायला काय झालं होतं तुला? पण विचारलं असतं तर आपण काय म्हणालो असतो हेही त्याला माहीत होतं. 'बरं आहे' म्हणालो असतो. आणि तिने तेही लिहून ठेवलं असतं.

शुक्रवारी त्याने साठ, बावीस, अठरा केलं. बर्फ फोडला. शेकर दोन्ही हातांनी धरून खांद्यावर नेला आणि पत्र्यावर दव धरेपर्यंत हलवला. ओतला, वर दोन थेंब सोडले. एक घोट घेतला आणि थांबला. काही बोलावंसं वाटेना. म्हणजे जमलं होतं.

शनिवारी साडेसहाला धाकटी आली. काखेत पिशवी होतीच.

"झाली का तयारी? की सरळ पिशवीतच घालू?"

"बस."

ती खुर्चीत बसली. तो आत गेला. बर्फ फोडल्याचा आवाज आला तशी ती दचकली आणि दाराकडे बघायला लागली. पाच-सात मिनिटांनी त्याने ग्लास आणून तिच्यासमोर ठेवला आणि उभा राहिला, बायको पूर्वी हातात फडकं घेऊन उभी राहायची तसा.

धाकटीने एक घोट घेतला. मग दुसरा. ग्लास खाली ठेवून ती खिडकीकडे बघत राहिली. डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत.

"ताईच्या हातचंच आहे," ती म्हणाली. "माझ्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला असं झालं होतं. मी म्हटलं, ताई, बास, आता ह्यात बदल करू नको. तर म्हणाली, नाही गं, ह्यांना नाही आवडलं हे." तिने पिशवीची घडी घातली. "शेकर तुमचा, भाऊजी. शब्द म्हणजे शब्द."

इथे त्याने थांबायला हवं होतं. जे हवं होतं ते मिळालं होतं.

"कसं काढलंत?" धाकटीने विचारलं. "रजिस्टरच्या शेवटच्या पानावरचं हे नाही. डबा घेऊन आले होते तेव्हा ते मी बघितलंय."

"गप्पच्या पानांवरनं."

"गप्पच्या म्हणजे?"

"मी काही बोललो नाही त्या दिवशी ती 'गप्प' लिहायची. ते सगळे चांगले झालेले होते. चांगलं असलं की मी बोलत नाही."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. "काय?"

"कारखान्यात तसंच असतं. चांगल्या मालाला—"

"ती कारखान्यात होती का?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तोंड होतं ना तुम्हाला? खोट दिसली की चालायचं ना ते तोंड?"

"मला काय माहीत ती असं समजेल? बारवाल्याने तिच्या डोक्यात भरवलं. मी गप्प बसलो की ती दुसऱ्या शनिवारी सगळं उलटंपालटं करायची."

"तिने नाही केलं," धाकटी म्हणाली.

"म्हणजे?"

ग्लास तिने दोन्ही हातांत धरला होता. "रविवारी सकाळी फोन यायचा तिचा. तुम्ही पेपर आणायला खाली गेलात की. काल हे काही बोललेच नाहीत गं, धाकटे. अख्खा ग्लास संपवला, शब्द नाही. काय चुकलं असेल? मी म्हणायचे, मेले ते, त्यांचं काय मनावर घेतेस. तर ऐकायची नाही. मग मी आपलं काहीतरी सांगायचे. लिंबू कमी करून बघ. पाक वाढव. मला काय कळतंय त्यातलं? तिचं समाधान व्हावं म्हणून सांगायचे."

आता तरी गप्प बसायचं. पण चौतीस वर्षांची सवय. खोट सापडली होती आणि ती कोणाच्या हातून झाली तेही सापडलं होतं. तपासनीस आत गेला, रजिस्टर घेऊन आला, तिच्यासमोर उघडून धरलं आणि पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवलं.

"'लिंबू कमी करून बघणे.' हे तुझं?"

धाकटीने वाचलं. होकारार्थी मान हलवली.

"हे? 'बिटर्स तीन थेंब.'"

"माझंच असेल."

"हे बघ. 'व्हिस्की कमी, बर्फ जास्त.' ह्याच्यानंतर तीन महिने नीट झालं नाही."

"बास, भाऊजी."

त्याने आणखी दोन पानं उलटली. "आणि हे."

"बास म्हटलं ना."

तो थांबला. धाकटीचं तोंड पांढरं पडलं होतं. ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली, बदललेल्या गुडघ्याला वेळ लागला, आणि त्याने हात पुढे केला तो तिने घेतला नाही. शेकर ओट्यावर होता, बाहेरून ओला. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं.

"तू ने शेकर," तपासनीस म्हणाला. "तिने तुलाच दिला होता."

"नको मला."

"मला तरी काय करायचाय?"

"ते तुमचं तुम्ही बघा. शब्द दिलाय, मी नेणार नाही. माझ्या घरात तो फळीवर दिसला की मला रविवारची सकाळच आठवेल."

ती चपला घालून लिफ्टशी गेली. तो दारात उभा राहिला. लिफ्ट वर यायला वेळ लागत होता.

"ग्लासात राहिलंय तुझं," तो म्हणाला.

"तुम्ही प्या." लिफ्ट आली. तिने जाळी सरकवली, आत गेली, आणि जाळीतून त्याच्याकडे बघून म्हणाली, "चांगलं झालं होतं, भाऊजी. फार चांगलं झालं होतं."

तिने बटण लगेच दाबलं नाही. तो काही म्हणेल म्हणून ती क्षणभर थांबली असावी. पण असं कोणी म्हणालं की पुढे काय म्हणायचं असतं, हे त्याला माहीत नव्हतं. ह्या घरात ते वाक्य कोणी बोललंच नव्हतं. बायकोलाही ठाऊक नसणार.

लिफ्ट खाली गेली. तो दारात उभा राहिला, आणि मग त्याने दार लावून घेतलं.